अजगराला आधी ऊब, मग पाणी

उपाशी अजगराचे जठर जवळजवळ बंदच असते. आम्ल तयार होत नाही, त्यामुळे आतला सामू सातच्या आसपास राहतो. भक्ष्य गिळले की एक-दोन दिवसांत तो दोनच्या खाली उतरतो आणि हाडेसुद्धा विरघळू लागतात. उरतात ते केस. लहान आतड्याचे वजन दुपटीच्या घरात जाते. स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात बर्मी अजगरांवर हे मोजमाप केले. भक्ष्य अजगराच्याच वजनाइतके असेल, तर चयापचय एरवीच्या चाळीस पटींवर जातो. २००५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधात दोन दिवसांत हृदय ४० टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. पचन संपले की सगळे पुन्हा आक्रसते.

एवढा खटाटोप चालतो तो बाहेरून मिळणाऱ्या उबेवर, कारण साप एरवी स्वतःचे शरीर तापवू शकत नाही. घरात पाळला जाणारा बॉल पायथॉन हा अजगर मूळचा घाना, टोगो, बेनिनकडचा, उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहणारा. त्याच्या पेटीची एक बाजू ३१-३२ अंश आणि दुसरी २६च्या आसपास हवी. ऊब कमी पडली, की भक्ष्य पचण्याआधी पोटातच सडते आणि साप ते ओकतो. असे झाले तर दोन आठवडे तरी खायला देऊ नये. जेवणानंतरचे दोन दिवस त्याला हातही लावू नये. पाहुण्यांना दाखवायला तर मुळीच नाही.

उंदराच्या अंगातच पुष्कळ पाणी असते, मग वेगळे कशाला, असे अनेकांना वाटते. हा समज घातक आहे. २०१९ साली रॅटलस्नेकवर झालेल्या एका अभ्यासात भक्ष्य खाल्ल्याने सापांची पाण्याची कमतरता भरून निघाली नाही. प्रथिने पचताना यूरिक आम्ल तयार होते आणि ते बाहेर टाकायलाही पाणी लागतेच. म्हणून विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग दर वेळी नीट पाहावा. मऊ, पांढरा असेल तर ठीक. पिवळट, खडूसारखा टणक झाला, कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या, कात अखंड न निघता तुकड्यांनी निघाली, तर साप तहानलेला आहे.

भांडे जड, न कलंडणारे असावे आणि पाणी रोज बदलावे. पेटीत दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास हवा. कोकणातल्या पावसाळ्यात तो आपोआप मिळतो, पण एसीच्या खोलीत किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात मुद्दाम राखावा लागतो. शौच अडले तर उथळ, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, तेही नजरेसमोर. तेवढ्याने मोकळे झाले नाही तर घरगुती तेल-औषध न पाजता सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.

आपला भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळणे गुन्हा आहे. बॉल पायथॉनची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी २०२४च्या नियमांनुसार सक्तीची आहे. तुमच्याकडे असेल, तर ती आधी करून घ्या.