भाड्याचे घर आणि स्थितिपत्रक

घर भाड्याने देणे अगर घेणे हा व्यवहार आपल्याकडे बहुधा दोन गोष्टींच्या बोलीवर उरकला जातो : भाडे किती आणि अनामत रक्कम किती. घर कोणत्या स्थितीत दिले, हा तिसरा प्रश्न त्या वेळी कोणास सुचत नाही. तो उभा राहतो घर सोडण्याच्या दिवशी. मालक म्हणतो, "ही फरशी तुमच्या मुलांनी फोडली." भाडेकरू म्हणतो, "आम्ही आलो तेव्हाच ती तडकलेली होती." पुष्कळदा दोघेही प्रामाणिक असतात, पाच वर्षांपूर्वीची फरशी कोणाच्याच स्मरणात जशीच्या तशी राहत नाही, इतकेच. परंतु तेवढ्यापायी अनामत रक्कम अडकून पडते, आणि सणावारी ज्यांची ताटे एकमेकांकडे गेली-आली, ती माणसे रस्त्यात भेटली तरी बोलेनाशी होतात. हा कलह टाळण्याचे साधे साधन म्हणजे स्थितिपत्रक.

घराचा ताबा देतेवेळी त्याच्या प्रत्येक भागाची जी अवस्था असेल, तिची लेखी नोंद म्हणजे स्थितिपत्रक. ते खोलीवार लिहावे आणि प्रत्येक खोलीत छप्पर, भिंती, जमीन, दारे-खिडक्या, नळ व विजेची बटणे असा क्रम ठेवावा. मोघम शब्द मात्र कटाक्षाने टाळावेत. "घर सुस्थितीत मिळाले" या वाक्याखाली भाडेकरूने डोळे झाकून सही केली, तर पूर्वीची सारी मोडतोड त्याच्याच माथी येण्याचा संभव असतो. त्याऐवजी "स्वयंपाकघर : ओट्याचा कडप्पा डाव्या कोपऱ्यात चार बोटे चिरलेला, नळ गळतो, खिडकीची एक काच नाही," असे लिहावे. विजेच्या मीटरवरील आकडाही टिपावा. पत्रकाच्या दोन प्रती करून दोहोंवर दिनांक व उभयतांच्या सह्या घ्याव्यात आणि एकेक प्रत करारपत्रास जोडावी. हल्ली मोबाइलवर छायाचित्रे घेता येतात. ती अवश्य घ्यावीत. मात्र नळ गळतो की नाही हे छायाचित्र सांगत नाही, म्हणून लेखी नोंद हवीच.

या नोंदीस एवढे महत्त्व का, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम पाहिले म्हणजे कळते. करारात वा स्थानिक रूढीत निराळे काही नसेल, तर ताबा मिळाला तेव्हा घर जसे होते तसे राखणे व तसेच परत करणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. यास दोन अपवाद आहेत : नित्याच्या वापराने होणारी झीज आणि माणसाचा इलाज न चालणारी आपत्ती. उंबरठा झिजला, भिंतीचा रंग विटला, ही झीज. दाराची कडी उपटली गेली, ती झीज नव्हे. भाडेकरूच्या दोषाने काही बिघडले आणि मालकाने तशी सूचना दिली, तर तीन महिन्यांच्या आत ते दुरुस्त करून द्यावे लागते. परंतु घर "जसे होते" ते कसे होते, हे कायदा कोठून सांगणार? ते स्थितिपत्रकानेच सांगावयाचे असते.

आता दुरुस्तीविषयी. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्याने सूचनेनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, अशी मुभा हेच कलम देते. तथापि मालक कोणत्या दुरुस्तीस बांधलेला आहे, याची यादी तेथे नाही. ती करारातच लिहावी लागते. आमच्या कोकणीत कौलांना नळे म्हणतात. मृगापूर्वी ते चाळून फुटके बदलावयाचे कोणी, एवढे एक वाक्य करारात नसल्यामुळे आषाढात माजघरात पातेली मांडण्याची पाळी येते, आणि भिंतीवर ओल चढली की तिचाही दोष कोणाचा, यावर वाद माजतो.

या कामी २०२१ च्या केंद्रीय नमुना भाडेकरारी कायद्याची अनुसूची मार्गदर्शक ठरते. इमारतीच्या मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळांचे पाइप व विजेच्या तारा हे मालकाकडे. नळाचे वायसर, मोरीची सफाई, बटणे, कुलपे व फुटलेल्या काचा हे भाडेकरूकडे, अशी वाटणी तीत आहे. अर्थात हा नमुना होय. राज्याने स्वीकारल्याविना तो लागू होत नाही. भाडेनियंत्रणाचे कायदे राज्यपरत्वे भिन्न आहेत. गोव्यात १९६८ चा, तर महाराष्ट्रात १९९९ चा आहे. महाराष्ट्रात दुरुस्तीखर्चाची वजावट करण्यापूर्वी मालकास किमान पंधरा दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम त्या वर्षी वळती करता येत नाही. म्हणून दुरुस्तीची मागणी तोंडी न करता दिनांक घालून लेखी करावी, तिची प्रत ठेवावी आणि कारागिराची पावती जपावी.

शालान्त परीक्षेनंतर आपल्यापैकी कित्येक विद्यार्थी पणजी, बेळगाव वा पुणे येथे शिक्षणासाठी खोली घेऊन राहतील. कित्येकांच्या घरची एखादी खोली भाड्याने दिलेलीही असेल. कोणत्याही बाजूस असलात, तरी सामान आत येण्यापूर्वी अर्धा तास काढून रिकाम्या खोलीत कागद-लेखणी घेऊन फिरावे आणि दिसेल ते उभयतांनी मिळून लिहावे. असा कागद मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. पुढे त्याच्यावर अविश्वास दाखविण्याची वेळ येऊ नये, म्हणूनच तो लिहावयाचा असतो.