रसायनातील उदाहरणे आणि विचाराची शिस्त

महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. सिद्धान्त समजतो, व्याख्या पाठ असतात, समीकरणेही मांडता येतात. परंतु प्रत्यक्ष उदाहरण समोर आले की कोणते सूत्र लावावे हे सुचत नाही. या तक्रारीतच तिचे निदान सामावलेले आहे. उदाहरण वाचताक्षणी जो सूत्राच्या शोधात निघतो, त्याने पात्रात काय घडत आहे हा पहिला प्रश्न स्वतःस विचारलेलाच नसतो. आणि ज्या विद्येचा सारा व्यवहार पदार्थांच्या परस्परसंयोगाशी आहे, तिच्यात हा प्रश्न टाळून केलेली आकडेमोड, तिच्यातील गुणाकार-भागाकार कितीही बिनचूक असले तरी, बहुधा निष्फळ ठरते. नेहमी आढळणाऱ्या काही उदाहरणांच्या आधारे ही गोष्ट तपशिलाने पाहणे उचित होईल.

सर्व अडचणींचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते. तराजू आपणास वस्तुमान सांगतो, तर अणुरेणूंचा संयोग संख्येच्या हिशेबाने होतो. आणि या दोहोंना जोडणारा सेतू म्हणजे मोल. कोणत्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, आणि २० मे २०१९ पासून मोलची आंतरराष्ट्रीय व्याख्याच या संख्येवर आधारलेली आहे. पदार्थाचे ग्रॅममधील वस्तुमान त्याच्या एका मोलच्या वस्तुमानाने भागले की मोलची संख्या मिळते. ही क्रिया इतकी सोपी आहे की विद्यार्थी तिला क्षुल्लक समजून ओलांडून जातो, आणि पुढचा सारा घोटाळा तेथेच सुरू होतो.

या घोटाळ्याबद्दल विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की युरोपातील मोठमोठे विद्वान याच ठिकाणी अर्धशतक अडखळले होते. पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक अणू असतो असे डाल्टनने गृहीत धरले होते, त्यामुळे ऑक्सिजनचा अणुभारच चुकीचा ठरला. समान तापमान व समान दाब असता वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हा विचार अव्होगाड्रोने १८११ मध्ये मांडला. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. परिणामी अणुभारांच्या बाबतीत अशी अंदाधुंदी माजली, की अ‍ॅसेटिक आम्लासारख्या सामान्य पदार्थाची प्रचारात असलेली १९ निरनिराळी सूत्रे केकुलेने आपल्या ग्रंथात नमूद केली आहेत. अखेरीस सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, इटलीच्या कॅनिझारोने अव्होगाड्रोच्या विचाराचा तेथे आग्रहाने पुरस्कार केला, आणि अणुभारांच्या दप्तराला शिस्त लागण्याचा मार्ग मोकळा झाला. लोथार मायर आणि मेंडेलेएव्ह हे दोघेही त्या परिषदेस हजर होते. मेंडेलेएव्हची आवर्तसारणी त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली.

आता पहिले उदाहरण घेऊ. १४ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजन यांच्यात पूर्ण अभिक्रिया झाली असे मानल्यास अमोनिया किती मिळेल, असा प्रश्न आहे. हायड्रोजन केवळ ४ ग्रॅम आहे, म्हणून तोच आधी संपेल, असे पुष्कळांना प्रथमदर्शनी वाटते. पण मोलमध्ये रूपांतर करताच चित्र पालटते: नायट्रोजनच्या एका मोलचे वस्तुमान २८ ग्रॅम असल्याने तो अर्धा मोल आहे, तर हायड्रोजनचा मोल २ ग्रॅमचा असल्याने तो पूर्ण २ मोल आहे. एका मोल नायट्रोजनला तीन मोल हायड्रोजन लागतो आणि दोन मोल अमोनिया तयार होतो, असे समीकरण सांगते. म्हणून अर्ध्या मोल नायट्रोजनला दीड मोल हायड्रोजन पुरतो, आणि अर्धा मोल हायड्रोजन, म्हणजे १ ग्रॅम, शिल्लक राहतो. ज्याला विद्यार्थी लिमिटिंग रिएजंट म्हणतात तो येथे नायट्रोजन आहे, आणि अमोनिया मिळतो १ मोल, अर्थात १७ ग्रॅम. आता चोख जमाखर्च ठेवणारा कारकून दिवसाच्या अखेरीस जशी रुजवात घालतो, तशी येथेही घालावी: आरंभी १४ आणि ४ मिळून १८ ग्रॅम होते; शेवटी १७ आणि १ मिळून १८ ग्रॅमच आहेत. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम हा असा प्रत्येक उत्तराचा हक्काचा साक्षीदार आहे, आणि तरीही त्याला साक्षीस बोलावण्याचे श्रम फार थोडे विद्यार्थी घेतात.

दुसरे उदाहरण प्रयोगशाळेच्या मेजावरचे आहे. ऑक्झॅलिक आम्लाचे ६.३ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण केले. त्यातील १० मिलिलिटर पिपेटने शंकुपात्रात घेऊन फिनॉल्फ्थलीन घातले, आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्यूरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडले असता ते १२.५ मिलिलिटर लागले; तर त्याची तीव्रता किती? येथे दोन ठिकाणी गफलत होते. पहिली अशी, की या स्फटिकांत आम्लाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात, त्यामुळे एका मोलचे वस्तुमान ९० नव्हे, १२६ ग्रॅम धरावे लागते. द्रावणाची तीव्रता त्यामुळे लिटरला ०.०५ मोल ठरते. दुसरी अशी, की ऑक्झॅलिक आम्लाचा प्रत्येक रेणू दोन हायड्रोजन आयन देऊ शकतो, म्हणून त्याच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात. १० मिलिलिटरमध्ये आम्लाचे ०.०००५ मोल आहेत, त्यांना ०.००१ मोल हायड्रॉक्साइड लागले, आणि ते १२.५ मिलिलिटरमध्ये सामावलेले होते. अर्थात तीव्रता लिटरला ०.०८ मोल. तीव्रता व आकारमान यांचे गुणाकार परस्परांशी समान मांडण्याचे लोकप्रिय सूत्र जो डोळे मिटून वापरतो, त्याचे उत्तर ०.०४ येते, म्हणजे नेमके निम्मे. सूत्र खोटे नाही. ते जेथे एकास एक प्रमाण असते त्या मुलखाचे आहे, आणि ही हद्द समीकरण लिहिल्यावाचून दिसत नाही.

वायूंच्या उदाहरणांतील सर्वांत मोठी चूक तापमानाच्या मोजपट्टीची असते. बंद व दृढ पात्रातील वायू २७ अंश सेल्सिअसवरून ३२७ अंशांपर्यंत तापविला, तर त्याचा दाब बारा पट होतो असे उत्तर अनेकदा लिहिले जाते. सेल्सिअसचा शून्य हा पाणी गोठण्याचा, केवळ सोयीसाठी निवडलेला बिंदू आहे. वायूच्या दाबाचा त्या शून्याशी संबंध नाही. निरपेक्ष मापनात हीच तापमाने सुमारे ३०० व ६०० केल्विन होतात, आणि दाब फक्त दुप्पट होतो.

विचाराची खरी कसोटी पाहणारे उदाहरण मात्र सामूचे आहे. सामूची कल्पना १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सेनने मांडली. हायड्रोक्लोरिक आम्लाचे लिटरला १० चा उणे आठवा घात इतके मोल असलेले द्रावण २५ अंश सेल्सिअसला घेतले, तर सूत्रानुसार सामू ८ येतो. आकडेमोड निर्दोष आहे, आणि उत्तर असंभवनीय आहे. कारण ८ हा सामू अल्कधर्मी द्रावणाचा, आणि पाण्यात आम्ल कितीही थोडे घातले तरी ते पाणी अल्कधर्मी कसे होईल? येथे विसर पडला तो खुद्द पाण्याचा. शुद्ध पाण्यातच या तापमानाला लिटरमागे १० चा उणे सातवा घात इतके मोल हायड्रोजन आयन असतात, म्हणजे घातलेल्या आम्लाच्या दहापट. बरे, दोहोंची सरळ बेरीज करूनही भागत नाही, कारण आम्ल येताच पाण्याचे विघटन किंचित मागे हटते. हा समतोल विचारात घेऊन वर्गसमीकरण सोडविले असता सामू सुमारे ६.९८ येतो: सातच्या अगदी जवळ, परंतु आम्लाच्या बाजूस, जसा तो असावयास हवा.

उत्तरातील अंकांविषयीही विवेक हवा. महाविद्यालयातील ब्यूरेटवर सामान्यतः ०.१ मिलिलिटरच्या रेषा असतात. अशा साधनाने घेतलेल्या नोंदीवरून काढलेले उत्तर गणकयंत्राने दाखविले म्हणून आठ दशांश स्थळांपर्यंत लिहिणे हे जे मोजलेच नाही त्याची ग्वाही देण्यासारखे आहे. मापनात जितकी अचूकता होती, तितकीच उत्तरात उतरावी.

या सर्वांतून एक साधा क्रम हाती येतो. प्रथम काय घडते ते संतुलित समीकरणाने लिहावे. मग दिलेल्या राशी एककांसह मोलमध्ये आणाव्यात. समीकरणातील प्रमाण लावावे. विचारलेल्या राशीकडे परतावे. आणि शेवटी उत्तर संभवनीय आहे काय, याचा पडताळा घ्यावा. हा क्रम हळू वाटतो, परंतु अनोळखी उदाहरणाच्या वेळी पाठ केलेले सूत्र साथ सोडते आणि हा क्रम सोडीत नाही.

मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्यांस तर माझे विशेष सांगणे आहे. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी रसायनशास्त्र मराठीत आणले, ते ही विद्या आपल्या भाषेत विचारात घेता यावी म्हणूनच. इंग्रजी प्रश्नपत्रिकेतील उदाहरण हाती आले की लेखणी उचलण्यापूर्वी पात्रात काय घातले, काय घडले आणि काय उरले, हे स्वतःशी मराठीत दोन वाक्यांत सांगून पाहा. ते नीट सांगता आले, तर उरलेले काम केवळ अंकगणिताचे आहे. आणि सांगता आले नाही, तर कोणतेही सूत्र आपल्या मदतीस येणार नाही, हे निश्चित समजा.