कायद्याची वाट, लेखांक ६ : आठ वर्षांचा हिशेब

सीईटी आणि क्लॅटच्या निकालानंतर पसंतीक्रम कसा भरायचा, ते मागच्या लेखांकात पाहिलं. त्यानंतर ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या पालकांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. बाहेरगावच्या नावाजलेल्या विद्यापीठात जागा मिळते आहे, पण खर्च झेपणारा नाही. दुसरीकडे फीमध्ये भरघोस सवलत मिळते आहे, पण त्या कॉलेजचं नाव तेवढं मोठं नाही. घ्यावं काय?

या प्रश्नावर बहुतेक घरांत पाच वर्षांचा हिशेब मांडला जातो: एकूण फी, वसतिगृह, खानावळ, सुट्टीतलं जाणं-येणं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा हिशेब पाचावर थांबवू नका, आठापर्यंत न्या. वकिलीत पदवी मिळाल्यानंतरची तीन वर्षं पैशाच्या दृष्टीने सगळ्यांत कठीण असतात, आणि कॉलेज निवडताना ती कोणीच मोजत नाही.

ठाकुर्लीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. दोघांच्या कमाईवर वर्षाचं उत्पन्न साडेसात लाख. मुलगी बारावी झाली आहे आणि तिच्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला, परराज्यातलं राष्ट्रीय विधी विद्यापीठ. तिथे शुल्क आणि राहणं-जेवण धरून पाच वर्षांचे पंधरा लाख सहज होतात. दुसरा, एक खासगी विद्यापीठ. त्याची मूळ फी याहून जास्त, पण गुणांवर निम्मी माफ. तिसरा, राज्याच्या सीईटीतून मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेज: चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय, नाहीतर ठाण्यात चेंदणी बंदर रोडवरचं टीएमसी लॉ कॉलेज.

तिसऱ्या पर्यायाची किंमत लोकांना वाटते त्याहून कमी असते. शासकीय कॉलेजची फी काही हजारांत आटोपते. विनाअनुदानित कॉलेजातही जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा फरक पडला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. मात्र प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. तीच जागा व्यवस्थापन कोट्यातून घेतली तर ही सवलत हातची जाते. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना हा निर्णय लागूच नाही. विकास शुल्क, ग्रंथालय, वसतिगृह यांचा खर्चही त्यात येत नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती निम्मं शुल्क देते, आणि अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व फ्रीशिप आहे. सगळे अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं यांतल्या एकाची जरी गडबड झाली, तरी रक्कम महिनोन्महिने अडकते. म्हणून ही कामं आत्ताच, प्रवेशाच्या धावपळीआधी उरकून घ्या.

आता पुढची तीन वर्षं. सनदेचा खर्च आता फारसा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार खटल्यात स्पष्ट केलं की, बार कौन्सिलला नोंदणीसाठी कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. खरा प्रश्न आहे तो सीनियरच्या हाताखाली मिळणाऱ्या पैशांचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनियरला महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं सुचवलं. ही शिफारस आहे, बंधन नाही. जिल्हा न्यायालयांत कित्येक ज्युनियर आजही यापेक्षा बऱ्याच कमी पैशांवर काम करतात.

याच्या शेजारी कर्जाचा हप्ता ठेवून पाहा. बारा लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड. महिन्याचा हप्ता सुमारे १५,९०० रुपये. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात मिळवलं तर तो आणखी वाढतो. शिफारशीप्रमाणे पूर्ण वीस हजार मिळाले, तरी हातात चार हजार उरतात आणि त्यात लोकलचा पासही काढायचा. अशा अवस्थेतली मुलगी कोर्टात टिकू शकत नाही. मिळेल ती पगारी नोकरी धरते आणि ज्यासाठी एवढं नाव घेतलं, ते काम मागे पडतं. न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर हे आणखीच बोचतं. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. पदवी घेतल्याबरोबर थेट परीक्षेला बसण्याचा रस्ता बंद झाला. पाच अधिक तीन मिळून आठ वर्षं होतात ती अशी.

मग मोठ्या नावाला किंमतच नाही का? आहे, आणि ती कमी लेखू नये. मोठ्या लॉ फर्म आणि कंपन्या अव्वल राष्ट्रीय विद्यापीठांत जाऊन मुलं निवडतात. तिथे सुरुवातीचा पगारच असा असतो की वरचा हप्ता सहज फिटतो. मुलीला कंपनी कायदा, विलीनीकरण, आंतरराष्ट्रीय लवाद यांत जायचं असेल आणि विद्यापीठ खरोखर पहिल्या फळीतलं असेल, तर मी कर्ज काढा म्हणेन. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत क्रमवारीत वरच्या निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंतच्या काळात तीन टक्के व्याजसवलतही आहे. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही. राष्ट्रीय विद्यापीठांच्या स्वतःच्या शुल्कमाफीच्या योजनाही असतात, त्यांची चौकशी प्रवेश घेण्याआधी करावी. पण ‘राष्ट्रीय विधी विद्यापीठ’ ही पाटी सगळीकडे सारखीच असली तरी तिच्यामागची ताकद सारखी नसते. एखाद्या नव्या विद्यापीठासाठी पंधरा लाख मोजताना तिथून मागच्या दोन वर्षांत किती मुलांना कुठे काम मिळालं, हे तिथल्याच चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा.

खासगी विद्यापीठाच्या निम्म्या माफीचं पत्र मात्र सावकाश वाचायला हवं. पहिल्या पानावर अभिनंदन आणि टक्केवारी ठळक अक्षरांत असते. तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक अक्षरांत अट असते: ही सवलत पहिल्या वर्षाची आहे, पुढे विद्यार्थी तुकडीच्या पहिल्या वीस टक्क्यांत राहिला तरच ती चालू राहील, एकही केटी लागता कामा नये. आता गणित करा. शंभर मुलांच्या तुकडीत चाळीस जणांना शिष्यवृत्ती दिली आणि अट पहिल्या वीस जणांत राहण्याची ठेवली, तर निदान वीस जणांची सवलत जाणार हे प्रवेशाच्या दिवशीच ठरलेलं असतं. सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी. अमेरिकेत यावरून इतकी ओरड झाली की तिथल्या बार असोसिएशनने लॉ स्कूलना दर वर्षी किती विद्यार्थ्यांना अटींची शिष्यवृत्ती दिली आणि किती जणांची कमी झाली किंवा गेली, हे आकडे जाहीर करायला लावले. आपल्याकडे हा आकडा पालकांनीच लेखी मागायला हवा. माझ्या मते अशी अटींची निम्मी माफी हा तिन्हींतला सगळ्यांत धोक्याचा पर्याय आहे. ती दुसऱ्या वर्षी गेली तर पूर्ण फी भरायची, नाहीतर वर्ष वाया घालवून परत यायचं.

मुदत आणि अट यांनी शिक्षण कसं अडतं, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, आणि बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. १९१६ मध्ये ते लंडनला ग्रेज इनमध्ये आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये दोन्ही शिक्षणं अर्धी सोडून परतावं लागलं. करारासाठी बडोद्याला गेले, तर तिथे जातीमुळे राहायला छप्परही मिळालं नाही. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि मित्राची उसनवारी घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. मुंबईत वकिली सुरू करताना सनदेच्या पैशांसाठीही त्यांना नवल भथेना या मित्राकडे हात पसरावा लागला. ग्रेज इनसारखं नाव आणि कोलंबियासारखी पदवी पाठीशी असतानाही पदवीनंतरच्या महिन्यांची तरतूद वेगळीच लागली. पुढे १९३५ मध्ये ते चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

त्याच कॉलेजची एक सोय डोंबिवलीकरांच्या कामाची आहे. फोर्टातली वकिलांची चेंबर्स आणि उच्च न्यायालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे मुलं शिकतानाच कुणाच्या तरी हाताखाली काम धरतात. पाचव्या वर्षापर्यंत सीनियर ठरलेला असतो. ठाण्यात शिकणाऱ्यांसाठी कोर्ट नाका हाकेच्या अंतरावर आहे. राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि वकीलपत्र कसं दाखल होतं, कैफियत कशी लिहितात, रोजनाम्यातल्या एका ओळीने प्रकरण कसं फिरतं, हे तिथे बसूनच कळतं. बेंगळुरू किंवा भोपाळच्या वर्गात ते शिकायला मिळत नाही. आणि इथलं काम लहान नाही. बनावट महारेरा प्रमाणपत्रांवर कल्याण-डोंबिवलीत उभ्या राहिलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि हजारो कुटुंबांची घरं त्यात अडकली. अशा माणसांना आपल्या भाषेत कागद समजावून सांगणारा वकील हवा असतो.

म्हणून ठाकुर्लीच्या त्या घराला मी सांगेन: कोर्टातली वकिली किंवा न्यायाधीशपद हे ध्येय पक्कं असेल तर फी वाचवा आणि वाचलेले पैसे बँकेत ज्युनियरशिपच्या तीन वर्षांसाठी बाजूला ठेवा. लॉ फर्मचं ध्येय असेल आणि विद्यापीठ पहिल्या फळीतलं असेल तर कर्जाला घाबरू नका. मुलीचं अजून काहीच ठरलेलं नसेल, आणि सतराव्या वर्षी ते सहसा ठरलेलं नसतंच, तर ज्या पर्यायात पाच वर्षांनंतरही मन बदलायची मोकळीक उरते तो घ्या. बहुतेक वेळा तो कमी कर्जाचा पर्याय असतो.

पुढच्या लेखांकात पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीबद्दल: नोकरी सांभाळून सकाळच्या कॉलेजात शिकणाऱ्यांनी हजेरीच्या नियमांकडे कसं पाहावं.