अरण्यातील ठाणे आणि आपण

पोलीस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चौकातला शिपाई येतो. पाळी संपली की तो घरी जातो. भामरागडच्या पोलिसाला घर इतके जवळ कुठले? गडचिरोलीपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आत, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावर हे गाव आहे. पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटायचा, असे वर्षानुवर्षे चालले.

ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस एकाच दिवशी कामी आले. आपण त्यांना आदरांजली वाहतो, ते योग्यच. पण जो जिवंत आहे आणि ठाण्यात दिवस काढतो आहे, त्याचे काय?

पहिली अडचण बोलीची. माडिया ही द्राविडी कुळातली. नुसत्या मराठीवर तिथे साधी तक्रारही नीट समजत नाही. १९९० मध्ये सी-६० पथक उभारले ते स्थानिक तरुणांचे, कारण रान आणि बोली दोन्ही त्यांच्या अंगवळणी. बाहेरून गेलेल्या शिपायाला मात्र ती शिकवावी लागते. शिवाय ‘दादालोरा खिडकी’तून दाखले आणि योजनांचे अर्ज निघू लागल्यापासून तो अर्धा कारकूनही झाला आहे! न समजणाऱ्या बोलीत हे काम व्हायचे कसे?

वाढीव वेतन मिळते, ते मिळालेच पाहिजे. परंतु बदलीची तारीख पाळली गेली नाही, तर पैशाने काय भागणार? त्याचे कुटुंब बहुधा आपल्यासारख्याच गावात भाड्याच्या दोन खोल्यांत असते. रात्री मूल तापले, तर त्याला डॉक्टरकडे न्यायला शेजारीपाजारीच लागतात. आणि ते शेजारी आपणच आहोत.