मोहोर पाहून घेतलेले खेळ

सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळणाऱ्या आम्हा परभणीच्या पोरांना अपुरा खेळ विकत घ्यायचा ही कल्पनाच नवी होती. २००९ पासून अपुऱ्या अवस्थेत विकला गेलेला माइनक्राफ्ट नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण झाला. मार्च २०१३ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाने ‘अर्ली ॲक्सेस’ सुरू केलं: खेळ अजून बनतोय, पैसे आत्ता भरा, खेळा आणि चुका कळवा. आमच्याकडे तेव्हा डॉलरमध्ये पैसे भरायला कार्ड नव्हतं. २०१५ च्या शेवटी स्टीमवर रुपयांत किमती आल्या, पुढच्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि घ्यायचा की नाही हा प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहिला.

जिंतूरकडच्या आमच्या शेतात आंब्याची झाडं आहेत. मोहोर पाहून बाग ठोक्यात घेणारा व्यापारी गारपीट, तुडतुडे, भुरी हे सगळं अंगावर घेतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतात तसा तो सौदा. पण म्हणूनच तो पिकल्या आंब्याचा भाव मोहोराला देत नाही. खेळांचा हिशेब मी आजही याच मापाने करतो.

‘हेडीस’ डिसेंबर २०१८ मध्ये अपुरा आला तो वीस डॉलरला. सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाल्यावर पंचवीस. आधी भरवसा टाकणाऱ्याला स्वस्त, हा चोख व्यवहार. ‘बाल्डर्स गेट ३’ने मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये पहिल्याच अंकाचे पूर्ण साठ डॉलर घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला पूर्ण खेळ अप्रतिम निघाला, हे मी आनंदाने मान्य करतो. तरी तो सौदा मला पटलेला नाही. झाडाला फळ चांगलं धरलं म्हणून मोहोराला दिलेला भाव बरोबर ठरत नाही.

‘कर्बल स्पेस प्रोग्राम २’ फेब्रुवारी २०२३ मध्ये पन्नास डॉलरला विकायला आला. परग्रहांवरच्या वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मित्रांसोबत खेळणं, असं बरंच पुढे देऊ म्हटलेलं होतं. ही तिन्ही आश्वासनं पुरी झाली नाहीत. २०२४ मध्ये तो बनवणारा स्टुडिओच बंद झाला. ‘द डे बिफोर’ ७ डिसेंबर २०२३ ला विक्रीला आला आणि चार दिवसांत बनवणाऱ्यांनी गाशा गुंडाळला. त्याचे पैसे निदान लोकांना परत मिळाले.

एरवी स्टीमवर पैसे परत मागायचे तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून. मी २०१९ मध्ये घेतलेला एक खेळ पहिले दोन तास सुंदर होता. विसाव्या तासाला रस्ता संपला, पुढे नुसती रिकामी जमीन. अपुऱ्या खेळातली खोट अशी आत दडलेली असते. त्यात दर अपडेट काही जीबींचा आणि माझ्याकडे रोजचा दीड जीबी डेटा. रात्री बारानंतर नवा डेटा सुरू होईपर्यंत मी जागा असायचो.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओची गोष्ट उलटी आहे. ‘राजी’ या खेळासाठी त्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे आगाऊ पैसे मागितले. ठरलेली रक्कम जमली नाही, म्हणजे नियमाप्रमाणे हाती काहीच आलं नाही. त्यांनी काम सोडलं नाही. खेळ २०२० मध्ये पूर्ण होऊनच आला. त्या वर्षी ‘द गेम ॲवॉर्ड्स’च्या पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळालं. पुरस्कार गेला ‘फॅस्मोफोबिया’ला, जो तेव्हा अपुराच विकला जात होता आणि पुढेही कित्येक वर्षं तसाच विकला गेला. मला अजून वाटतं, तेव्हा पुण्याच्या त्या पोरांना आगाऊ पैसे द्यायला आपण हवे होतो. अपुरा खेळ विकत घेण्यातलं सगळ्यात चांगलं काही असेल तर ते हेच: बनवणाऱ्याचा हात चालू राहतो.

अलीकडे मोठ्या कंपन्या जास्तीचे पैसे घेऊन चार-पाच दिवस आधी खेळू देतात; २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’चं तसं झालं. यात बनवणाऱ्याला हातभार नाही, जोखीम नाही, फक्त घाई विकली जाते. तिला माझा एक रुपयाही नाही.

दिवाळीत भाचा आला होता. दोन अपुरे खेळ दाखवून म्हणाला, “मामा, कोणता घेऊ?”

म्हटलं, “उद्यापासून काम बंद पडलं असं समज. आज जेवढा आहे तेवढ्याला एवढे पैसे देशील?”

त्याने दोन्हींचे व्हिडिओ पुन्हा शेवटपर्यंत पाहिले, आणि एक काढून टाकला.