नायगाराच्या एकाच काठावर वाढणारं पेन्शन

नायगारा धबधब्याच्या दोन काठांवर दोन गावं आहेत आणि दोन्हींचं नाव एकच, नायगारा फॉल्स. एक अमेरिकेत, दुसरं कॅनडात. मधला रेनबो पूल अर्ध्या किलोमीटरचाही नाही. गुडघे सांभाळत चालणारे आजोबासुद्धा दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे पोचतील. आता समजा, ब्रिटनमध्ये आयुष्यभर नोकरी केलेले दोन मित्र निवृत्त होऊन इथे राहायला आले. एकाने अमेरिकेचा काठ धरला, दुसऱ्याने कॅनडाचा. दोघांनी सरकारी विम्याची वर्गणी सारखीच वर्षं भरलेली, दोघांचं ब्रिटिश सरकारी पेन्शनही सारखंच. वीस वर्षांनी त्यांच्या खात्यांत काय दिसेल?

अमेरिकेच्या काठावरच्या मित्राचं पेन्शन दर एप्रिलला वाढत गेलेलं दिसेल. कॅनडातल्याचं पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच, एका पेनीचीही भर नाही.

यात कारकुनी चूक कुठेही नाही. कायदाच तसा आहे!

परदेशात जाऊन निवृत्त आयुष्य काढावं का, असा विचार करणारा माणूस सहसा काय मोजतो? घरभाडं, भाजीपाला, हवामान, विमानाचं तिकीट. सगळं बरोबर. पण आपलं पेन्शन त्या देशाच्या हद्दीत शिरल्यावर कसं वागतं, हे किती जण बघतात? ब्रिटनइतका या प्रश्नाचा थक्क करणारा नमुना मला दुसरा माहीत नाही.

तिथली वाढ आधी समजून घेऊ. ब्रिटनमध्ये २०२५ साली सरकारी पेन्शन ६६व्या वर्षी सुरू होत होतं. ३५ वर्षं वर्गणी भरली असेल तर २०२५-२६ च्या दराने आठवड्याला २३०.२५ पौंड मिळतात. दर एप्रिलला सरकार तीन आकडे पाहतं: महागाई किती वाढली, पगार किती वाढले आणि अडीच टक्के. यातला जो मोठा, तेवढी वाढ. महागाई भडकली तेव्हा २०२३ साली एका फटक्यात १०.१ टक्के वाढ झाली होती. जगात फार कमी म्हाताऱ्यांच्या नशिबी असली सोय आहे.

पण ती ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना आणि काही ठरावीक देशांत राहणाऱ्यांना. बाकी कुठेही गेलात तर पेन्शन मिळतं, वाढ मिळत नाही. ज्या दराने ते तिथे सुरू झालं, किंवा तुम्ही तिथे मुक्काम हलवलात तेव्हा जो दर होता, तो कायमचा. ब्रिटनमध्ये याला गोठलेलं पेन्शनच म्हणतात आणि असे साडेचार लाखांच्या आसपास लोक जगभर पसरले आहेत.

कोणते देश वाढीचे आणि कोणते गोठलेले, ती यादी वाचताना मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. युरोपीय संघ, अमेरिका, तुर्कस्तान, इस्रायल इथे वाढतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, म्हणजे जिथे ब्रिटिशांची निम्मी नातीगोती, तिथे गोठतं. फिलिपिन्समध्ये वाढतं, थायलंडमध्ये गोठतं. जमैकात वाढतं, त्रिनिदादमध्ये गोठतं. आणि फॉकलंड बेटं? ज्यांच्यासाठी ब्रिटनने १९८२ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये युद्ध केलं, जिथे ब्रिटनचाच झेंडा फडकतो, तिथेही गोठतं.

यामागे काही तर्क असेल ना? आहे, पण तो नकाशावर सापडत नाही, जुन्या करारांच्या फायलींत सापडतो. युद्धानंतर ब्रिटनने नवी सामाजिक विमा योजना उभी केली, ती १९४८ मध्ये सुरू झाली. मग ज्या देशाची माणसं ब्रिटनमध्ये आणि ब्रिटनची माणसं त्या देशात कामाला होती, त्यांच्याशी एकेक करत देवाणघेवाणीचे करार झाले. काही करारांत वाढीचं कलम शिरलं, काहींत राहून गेलं. पुढे प्रत्येक नव्या वाढीचा खर्च डोळ्यांसमोर यायला लागला, तसं सरकारने ते कलम देणंच थांबवलं. म्हणजे आज मनिलातला पेन्शनर सुखात का आणि बँकॉकमधला चिंतेत का, याचं उत्तर कित्येक दशकांपूर्वी कोणत्या टेबलावर काय ठरलं, एवढंच.

आणखी एक गंमत. हे गोठणं आपोआप होत नाही. दर वर्षी वाढीचा आदेश निघतो, आणि त्याच्यासोबत परदेशस्थांना त्यातून वगळणारे नियमही नव्याने काढावे लागतात. दर वसंतात नव्याने गोठवायचं!

तुम्ही म्हणाल, अहो, पण यांनी वर्गणी भरली होती की. स्वतःच्या पैशांवर स्वतःचा हक्क नाही? इथे पेन्शन नावाच्या यंत्राचं झाकण उघडून आत बघावं लागतं. तुमच्या नावाची तिजोरी तिथे नसतेच. भिशीत या महिन्याला सगळ्यांनी टाकलेले पैसे याच महिन्याच्या मानकऱ्याच्या हातात जातात, मागे शिल्लक काही उरत नाही. तसंच आज काम करणाऱ्याची वर्गणी आजच्याच म्हाताऱ्याला वाटून संपते. तुम्ही चाळिसाव्या वर्षी भरलेला पौंड त्याच वर्षी कुणाच्या तरी चहा-बिस्किटांत गेला. तुमच्या हाती राहिलं ते फक्त वचन, आणि वचनाच्या अटी संसद ठरवते.

अॅनेट कार्सन यांनी हे वचन कोर्टात नेलं. त्या १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाल्या. २००० मध्ये पेन्शन सुरू झालं आणि मूळ पेन्शन आठवड्याला ६७.५० पौंडांवर थांबलं. हा भेदभाव आहे, म्हणून त्या लढत लढत २००५ मध्ये लॉर्डांच्या सभागृहापर्यंत आणि तिथून स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या. मार्च २०१० मध्ये निकाल लागला: अकरा न्यायाधीश विरुद्ध, सहा बाजूने. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं, की वर्गणी भरली म्हणून ठरावीक रकमेवर हक्क होत नाही. आणि वाढ ही ब्रिटनमधल्या महागाईला दिलेलं उत्तर आहे, जो तिथे राहत नाही त्याची परिस्थिती वेगळी. कायद्याच्या चौकटीत हे पटतं. पण कॅनडा आणि अमेरिका दोन्ही आपापलं सरकारी पेन्शन परदेशात राहणाऱ्यांनाही महागाईनुसार वाढवून देतात, हे कळलं की पटलेलं पुन्हा डळमळतं.

आता आकडा जवळून बघू. अॅन पक्रिज दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होत्या. नंतर ब्रिटनमध्ये नोकरी केली आणि २००१ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, मुलीजवळ राहायला कॅनडात गेल्या. त्या दिवशी दर होता आठवड्याला ७२.५० पौंड. चार आठवड्यांचे झाले २९० पौंड. २००५ मध्ये २९०. २०१५ मध्ये २९०. २०२४ मध्येही २९०; आणि त्या वर्षी ब्रिटनमधल्या त्यांच्या बरोबरीच्या बाईला चार आठवड्यांना ६७८ पौंड मिळत होते. त्याच २०२४ मध्ये, शंभरीच्या घरात असताना, त्या हा प्रश्न मांडायला विमानाने लंडनला गेल्या.

आणि इथे या कायद्यातली सगळ्यात अजब चीज समोर येते. गोठलेल्या देशातला पेन्शनर ब्रिटनला पाहुणा म्हणून आला आणि त्याने कार्यालयाला कळवलं, तर तिथल्या मुक्कामापुरतं त्याला आजच्या दराने पेन्शन मिळतं. परतीच्या विमानात बसला की दर पुन्हा जुना. परत कायमचं राहायला आलात तर पूर्ण दर कायमचा; मागची थकबाकी मात्र विसरायची.

मग कॅनडातल्या माणसाने सरळ पूल ओलांडून अमेरिकेत घर का करू नये? २००१ मध्ये गोठलेलं ७२.५० पौंडांचं मूळ पेन्शन २०२५-२६ च्या दराने १७६.४५ पौंडांवर जाईल (त्या पिढीच्या जुन्या पेन्शनचा दर वरच्या २३०.२५ पेक्षा कमी आहे). महिन्याला साधारण ४५० पौंडांची वाढ, म्हणजे ६०० डॉलरच्या आसपास. झकास! पण म्हातारपणी अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याशिवाय राहणं म्हणजे वेडेपणा. नव्याने आलेल्याला ती घ्यायला आधी पाच वर्षं ग्रीन कार्डावर राहावं लागतं, आणि तिथे कामाचा इतिहास नसेल तर इस्पितळाच्या भागासाठी २०२५ च्या दराने महिन्याला ५१८ डॉलर, डॉक्टरांच्या भागासाठी १८५. एकूण ७०३. सगळी वाढ गिळून वर शंभर डॉलर खिशातून!

स्पेनची गोष्ट याच्या बरोबर उलटी. तिथे पेन्शन तर वाढतंच, शिवाय एस-वन नावाचा एक फॉर्म मिळतो. तो नोंदवला की तुम्ही स्पेनच्या सरकारी दवाखान्यात स्पॅनिश माणसासारखे जाता आणि बिल ब्रिटन भरतं. ऊन स्पेनचं, डॉक्टर स्पेनचा, खर्च लंडनच्या तिजोरीचा. ब्रेक्झिटनंतरही ही सोय टिकली. टिकला नाही तो दरवाजा. आता ब्रिटिश माणसाला तिथे निवृत्त म्हणून राहायचं तर व्हिसासाठी महिन्याला २,४०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं, आणि २०२५-२६ च्या दराने पूर्ण सरकारी पेन्शन त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

हे सगळं गोऱ्यांचं दुखणं असं समजू नका. भारतही गोठलेल्यांच्याच यादीत आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईच्या मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले किती तरी डॉक्टर तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत गेले, ती सेवा त्यांनी अक्षरशः उभी धरली. आता त्यांच्यातल्या अनेकांच्या मनात येतं, कोथरूडला फ्लॅट घ्यावा, भावंडांजवळ राहावं. ओसीआय कार्ड असलं की व्हिसाची कटकट नाही. पण या डॉक्टरांना ब्रिटनकडून दोन पेन्शनं मिळतात. आरोग्यसेवेतल्या नोकरीचं एक, राष्ट्रीय विम्याचं दुसरं. नोकरीचं पेन्शन महागाईनुसार वाढतं, तुम्ही कोथरूडला राहा नाहीतर टिंबक्टूला. दुसरं कोथरूडला आल्या दिवशी गोठतं. देणारं सरकार तेच, घेणारा माणूस तोच!

पहिल्या दिवशी हे जाणवतही नाही. आठवड्याचे २३०.२५ पौंड, पौंडाला ११५ रुपये धरले तर महिन्याला एक लाख चौदा हजारांच्या पुढे. पुण्यात दोन माणसांचं व्यवस्थित चालतं. शिवाय पौंड गोठला तरी रुपया घसरतो, म्हणजे रुपयांत रक्कम आपसूक वाढतच राहते. हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे, म्हणून तो तपासूनच बघू. २००१ मध्ये पौंडाला साधारण ६७-६८ रुपये पडत, २०२५ मध्ये ११५ च्या आसपास. म्हणजे रुपयांतली रक्कम सुमारे १.७ पट झाली. त्याच काळात भारतातले ग्राहकभाव सुमारे चौपट झाले. रुपयाच्या घसरणीने दिलेलं सगळं जमेस धरूनही तेव्हाच्या शंभर रुपयांच्या ताकदीतले चाळीस-बेचाळीस रुपयेच हातात उरतात.

पुढचंही मोजता येतं. तीन आकड्यांची ती पद्धत टिकली आणि वाढ दर वर्षी किमान, म्हणजे अडीच टक्केच झाली, तर वीस वर्षांनी ब्रिटनमधलं पेन्शन आठवड्याला ३७७ पौंडांवर जाईल. कोथरूडचं २३०.२५. वीस वर्षांत न मिळालेल्या वाढीची बेरीज होते ६६ हजार पौंड, त्याच ११५ च्या भावाने पाऊण कोट रुपये. पुण्याच्या उपनगरातला एक बरा फ्लॅट, जो तुम्ही विकतही घेतला नाहीत आणि ज्यात राहिलातही नाहीत.

औषधपाण्याचं काय? ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा नागरिकत्वावर मिळत नाही, तिथल्या वास्तव्यावर मिळते. पुण्यात स्थायिक झालेले डॉक्टरसाहेब, ज्यांनी त्याच सेवेत तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, नातवाला भेटायला मँचेस्टरला गेले आणि तिथे पडून खुबा मोडला, तर इस्पितळात दाखल होण्याचं बिल त्यांना परदेशी पाहुण्याच्या दराने, म्हणजे नेहमीच्या दराच्या दीडपट येऊ शकतं. त्याच दिवसांत पेन्शनचं खातं त्यांना घरचा माणूस मानून वाढीव दर देत असतं. एका सरकारचे दोन हात, आणि एकमेकांशी बोलणं नाही.

ऑस्ट्रेलियाने असल्या वागण्याला वैतागून मार्च २००१ मध्ये ब्रिटनबरोबरचा सामाजिक सुरक्षा करारच मोडला, कारण गोठलेल्यांची तूट ऑस्ट्रेलियाच्या करदात्याला भरून द्यावी लागत होती. ब्रिटन हललं नाही. भारताबरोबर जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला तेव्हा वर्गणीचीही बोलणी झाली, पण ती तिकडे तात्पुरत्या जाणाऱ्या नोकरदारांनी दोन्हीकडे वर्गणी भरू नये एवढ्यापुरती.

तेव्हा माझं मत विचाराल तर ज्यांचं नोकरीचं पेन्शन भक्कम आहे त्यांनी खुशाल यावं. सरकारी पेन्शन त्यांच्यासाठी वरकड आहे. ज्यांची सगळी भिस्त सरकारी पेन्शनवर, त्यांनी पहिल्या वर्षाचा नव्हे, विसाव्या वर्षाचा हिशेब करावा, आणि तोही आपण पंच्याऐंशीचे असू हे धरून. आणि ज्यांना ऊन, समुद्र, मराठी शेजार आणि दर एप्रिलची वाढ हे सगळंच हवं आहे, त्यांच्यासाठी हिंदी महासागरात एक ठिकाण खरोखरच आहे. मॉरिशस वाढीच्या यादीत आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे अजून आपल्याला मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि मुंबईहून विमान साधारण सहा तासांत पोचतं.