सातपुड्याच्या पोटातला धक्का

भूकंप म्हटला की मराठी माणसाला दोन नावे हटकून आठवतात, कोयना आणि किल्लारी. त्या यादीत खानदेश कोणी घालीत नाही. आम्ही खानदेशी माणसे उन्हाची, केळीची आणि वांग्याच्या भरताची बढाई मारू. पण भूकंपाची गोष्ट निघाली की ‘ते तिकडे’ म्हणून मोकळे होऊ. मौज अशी की, किल्लारीच्याच ताकदीचा एक भूकंप आमच्या उशाशी, सातपुड्यात होऊन गेलेला आहे.

तारीख १४ मार्च १९३८, वार सोमवार. होळी तोंडावर आलेली. उजाडता उजाडता सातपुडा हलला आणि फार मोठ्या मुलखाला तो धक्का जाणवला. माझे आजोळ पारोळ्याचे. भुईकोट किल्ल्याचे हे गाव सातपुड्याच्या दक्षिणेला, तापी ओलांडून अलीकडे. आजी सांगे, “फळीवरची भांडी आपोआप वाजू लागली, गाईंनी दावी ओढली, अन् आळीतली माणसे ‘धरती हालनी, धरती हालनी’ म्हणत बाहेर आली.” थोड्या वेळाने सगळी आत गेली आणि चुली पेटल्या. गोष्ट एवढीच!

आता आकडे पाहा. सातपुड्याचा भूकंप ६.३ च्या आसपासचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले असताना किल्लारीला झाला तो ६.२ चा. आकडे जवळजवळ सारखे; पण किल्लारीच्या पंचक्रोशीत आठ-दहा हजार माणसे दगावली, आणि खानदेशात तसा अनर्थ झाला नाही. असे का व्हावे?

उत्तर खोलीत आहे. कंदील जमिनीवर ठेवला तर भोवतालचे हातभर अंगण लख्ख उजळते. तोच माडीवर टांगला तर सगळ्या अंगणभर उजेड पडतो, पण मंद. किल्लारीचा भूकंप जमिनीखाली जेमतेम दहा किलोमीटरच्या आत झाला. वरच्या गावांना सारा तडाखा बसला. सातपुड्याचा सुमारे चाळीस किलोमीटर खोल होता. तो दूरवर पसरला, पण वर येईतो त्याची धार गेली. हिंदुकुश पर्वताखाली तर दोनशे किलोमीटर खोलीवरही भूकंप होतात. २६ ऑक्टोबर २०१५ चा तसाच होता. त्याने दिल्लीचे पंखे हलवले. त्याच्यापुढे आमचा सातपुड्याचा भूकंप शास्त्रज्ञांच्या मोजमापात उथळच ठरतो. पण दख्खनच्या मानाने तो खूप खोल.

याचे कारण नकाशात दिसते. गोदावरी, कृष्णा पूर्वेला वाहतात. नर्मदा आणि तापी मात्र पश्चिमेला. भूकवचातल्या फार जुन्या भेगांनी त्यांना ही वाट करून दिली आहे, आणि त्या दोघींच्या मध्ये सातपुडा उभा आहे. चोपडा तालुक्यात उनपदेवाला गरम पाण्याचा झरा आहे, तो याच पट्ट्यातला. भारताची भूमी दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आहे. हिमालयाशी तिची रेटारेटी चालू आहे, आणि तो ताण या जुन्या भेगांवरही येतो. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेला भूकंप याच रांगेतला, तोही सुमारे पस्तीस किलोमीटर खोल. पण तिथे चाळीसच्या आसपास माणसे गेली. तेव्हा खोल भूकंप म्हणजे निर्धास्तपणा, असे समजू नये. २००२ सालच्या भूकंप-नकाशात तापीकाठचा खानदेश तिसऱ्या विभागात घातला, तो उगाच नव्हे.

मला काळजी वाटते ती आमच्या धाब्याच्या घरांची. जाड भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात असे गार घर दुसरे नाही! पण किल्लारीला माणसे चिरडली ती अशाच वजनाखाली. तिथली माळवदे आणि आमची धाबी ही सख्खी भावंडेच म्हणा ना. दगडमातीची दुहेरी भिंत धक्क्याने मधोमध फुगून फुटते आणि माथ्यावरची माती खाली येते.

उपाय महागडे नाहीत. भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड घालावेत. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरकस लाकडी टेकू द्यावेत. घर नवे बांधायचे असेल तर दारे-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींभोवती सळई घातलेला सिमेंटचा पट्टा फिरवावा. आणि सर्वांत सोपे, वरचे वजन कमी करावे. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती पडते, पण जुनी काढण्याचे कोणाच्या मनात येत नाही; वर्षानुवर्षे थर चढतच जातो. गावाकडे ज्यांचे असे घर आहे त्यांनी येत्या उन्हाळ्यात गड्याला एवढेच सांगावे: “आधी जुनी माती खरवडून उतरव, मग नवी टाक.”